स्की बदलण्याआधी मागे वाकून बघा

"डोंगरातली स्नोमोबाईल वळते ती पुढच्या स्कीमुळे, मागचं सस्पेन्शन फक्त चालवणाऱ्याची पाठ वाचवतं." बर्फावरच्या या वाहनाला पुढे दोन स्की असतात आणि मागे ट्रॅक, म्हणजे फिरणारा रबरी पट्टा. हा दावा सगळीकडे फिरतो, सोबत तीन सल्ले घेऊन: हँडल जड लागलं तर स्की बदला, चढावर नाक उचललं तर लांब ट्रॅक घ्या, आणि मागची स्प्रिंग जितकी मऊ तितकी बरी.

आधी मूळ दावा. दाबून घट्ट झालेल्या वाटेवर तो खरा आहे; स्कीखालची धातूची पट्टी रुतते आणि यंत्र वळतं. पण कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात तिला रुतायला काही मिळतच नाही. तिथे चालक हँडल उलट्या बाजूला फिरवतो, अख्खं यंत्र कुशीवर कलवतो आणि ट्रॅकच्या कडेवर वळतो. उतारावर आडवं जातानाही हेच. मग ते किती सहज कलतं, हा प्रश्न मागच्या सांगाड्याचा, म्हणजे सस्पेन्शनचा झाला. ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या दोन समांतर रेल आणि सपाट, रुंद ट्रॅक कलायला विरोध करतात. म्हणून स्की-डू या ब्रँडने 2013 च्या टीमोशन सस्पेन्शनमध्ये मागच्या आर्मला, म्हणजे रेल यंत्राला जोडणाऱ्या दांड्याला, बॉल जॉइंट देऊन सांगाडा थोडा पिळू दिला, ट्रॅकच्या कडाही लवचिक केल्या. आर्क्टिक कॅटने 2019 च्या अल्फा वनमध्ये तर दोन रेल काढून मधोमध एकच ठेवली. निव्वळ पाठ वाचवायला एवढा उपद्व्याप कोण करेल? अर्थात जे सहज कलतं ते कडक वाटेवर थोडं डळमळतंही.

जड हँडलचं कारण बहुतेकदा स्कीवरचा जास्तीचा भार असतो, आणि तो भार मागूनही ठरतो. मागच्या सांगाड्याच्या पुढच्या आर्मची स्प्रिंग घट्ट केली की रेलचा पुढचा भाग जास्त वजन उचलतो आणि स्की हलक्या होतात. एवढं करून बघायला पैसे लागत नाहीत.

लांब ट्रॅकच्या सल्ल्यात तथ्य आहे. 154 इंचांऐवजी 165 इंचांचा ट्रॅक बर्फावर जास्त तरंगतो आणि यंत्र मागे कलंडायला वेळ लागतो. पण तो वळवायला आळशी असतो, आणि नाक का उचलतंय हे कोडं तसंच राहतं. आधी लिमिटर स्ट्रॅप बघा. रेलचं पुढचं टोक किती खाली जाऊ शकेल, हे हा पट्टा ठरवतो. एक भोक आखडला तर थ्रॉटल दिल्यावर स्की कमी उचलतात. जास्त आखडला तर त्या बर्फात नांगरासारख्या घुसतात. थोडं नाक उचलायलाच हवं, नाहीतर यंत्र बर्फावर चढणार कसं? म्हणून तर वाटेवरच्या यंत्रांत पुढच्या-मागच्या आर्मची हालचाल एकमेकींना जखडून भाराची मागेपुढे होणारी सरक आवरतात, आणि डोंगरी यंत्रांत ती सहसा जास्त मोकळी सोडतात.

उरली मऊ स्प्रिंग. ती थ्रॉटल देताच मागे बसते आणि स्कीवरचा भार काढून घेते. ज्या नाकासाठी लांब ट्रॅक घ्यायचा, ते मुळात उचलतं अनेकदा याच मऊपणामुळे.