टेप लावून ओटा कापायला निघालेल्यांनो, जरा थांबा

सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, सुताराला कशाला पैसे देता, किचनचा ओटा घरीच कापा म्हणून. मास्किंग टेप लावा, टवके उडणार नाहीत. सनमायकाची बाजू वर ठेवा, रेघ दिसते. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावा, वेगळं मशीन नको. आणि ग्रॅनाइटपण तसाच कापा, तोंडाला रुमाल बांधला की झालं. आता घरी कापायला माझा विरोध नाही, कोथरूडच्या फ्लॅटमधला प्लायचा साइड ओटा मी स्वतःच कापलाय, पण एवढ्यावर विसंबून कोणी मशीन हातात घेतलं तर वाट लागेल राव.

आधी ते वर-खालीचं. हातातल्या सर्क्युलर सॉचे, म्हणजे गोल ब्लेडच्या करवतीचे, दात पुढून खालून वर येतात, आणि दात जिथून बाहेर पडतो तिथेच सनमायका उचकटतो, म्हणून चांगली बाजू खाली. जिगसॉचं, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या अरुंद करवतीचं, नेहमीचं ब्लेडपण वर येतानाच कापतं, तिथेही तेच. टेबल सॉवर मात्र, जिथे ब्लेड टेबलातून वर आलेलं असतं, दात वरून खाली जातात, तिथे चांगली बाजू वर. मेसेजवाल्याने बहुतेक तसला व्हिडिओ बघितला असावा. फक्त उलटीकडून कापायचं तर आखणीपण आरशातल्यासारखी उलटी करावी लागते, ते मी विसरलो, सिंकचं भोक डावीकडे हवं ते उजवीकडे गेलं, आणि आई अजून आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते.

टेपचं म्हणाल तर थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण माझी टेप काढताना खालचे सैल टवके तिच्याबरोबरच निघून आले. खरा फरक पडला तो रेघेवर धारदार कटरने सनमायका आधी दोन-तीनदा चिरून घेतल्यावर. ७ इंची ब्लेड २४ दातांचं नको, ४० किंवा ६० दातांचं घ्या, प्लायच्या खाली अर्धा सेंटीमीटरच बाहेर येईल इतकंच उतरवा, मशीन चालवायला पट्टी क्लॅम्प करा आणि प्लायखाली सगळीकडे जाड थर्माकोल घाला, कारण शेवटच्या दोन इंचात कापलेला तुकडा स्वतःच्या वजनाने लटकतो आणि कोपरा घेऊनच पडतो.

ग्राइंडरच्या सल्ल्याचा मात्र मला रागच आला. बोहरी आळीत ४ इंची लाकडाची ब्लेडं मिळतात, बरेच सुतार वापरतात, सगळं मान्य. पण ग्राइंडर मिनिटाला ११-१२ हजार फेरे घेतो, ७ इंची सर्क्युलर सॉ त्याच्या निम्मेच, शिवाय ग्राइंडरला खाली टेकवायला प्लेट नाही की आपोआप बंद होणारा गार्ड नाही. दगडाची चकती घासते, दात चावतो, आणि चावून अडकला की मशीन थेट तुमच्याकडे उसळतं.

राहिला ग्रॅनाइट. त्याच्या धुळीत सिलिका असते, सगळ्यात बारीक आणि घातक कण रुमालातून आरपार जातात आणि फुप्फुसात बसतात. क्वार्ट्झच्या तयार स्लॅबमध्ये तर सिलिका आणखी जास्त, ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातलीय. पाणी मारत कापलं की धूळ कमी होते, पण मग ओल्या हातात २३० व्होल्टचं मशीन, आणि घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, आहे का हे किती जणांनी बघितलंय? त्यापेक्षा जिथे स्लॅब घेताय तिथेच सिंकचं माप देऊन या, भोक पाडूनच देतात.