मावशीची 'थंडीची स्ट्रिप'

मावशीचा फोन. "अरे, यंदा थंडीची स्ट्रिप आणून ठेवलीय, आता खोकल्याची काळजी नाही." कसली स्ट्रिप? अँटिबायोटिकची. तिच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: जुनाट ब्राँकायटिस असेल तर दिवाळी झाली की दर महिन्याला तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन घ्या, नाही मिळाली तर लिव्होफ्लॉक्सासिन चालेल, दुष्परिणाम शून्य, परदेशात सिद्ध झालंय, डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. शेवटी जोडलेले हात.

'परदेशात सिद्ध' हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतली एक चाचणी छापून आली. सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या जुनाट आजाराचे (जुनाट ब्राँकायटिस त्यातलाच), १,१४२ रुग्ण. निम्म्यांना वर्षभर रोज २५० मिलिग्रॅम अ‍ॅझिथ्रोमायसिन, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. छाती बिघडण्याचे प्रसंग माणशी वर्षाला १.८३ होते ते १.४८ झाले. म्हणजे तीन वर्षं रोज गोळी गिळाल तेव्हा एखादं दुखणं टळेल. महिन्यातून तीन दिवसांचा हिशेब त्यात नाहीच. शिवाय घेतले ते रुग्ण आधीच ऑक्सिजनवर होते, किंवा वर्षभरात स्टिरॉइड वा दवाखाना करून आलेले.

'दुष्परिणाम शून्य'? त्याच चाचणीत गोळी घेणाऱ्या २५ टक्के लोकांची श्रवणशक्ती घटली, न घेणाऱ्यांची २० टक्के. ऐकू कमी येणाऱ्यांना आणि ईसीजीत ठरावीक दोष असणाऱ्यांना तर सुरुवातीलाच वगळलं होतं. मावशीला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी ती रोज गोळी घेते. चाचणीवाल्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं असतं.

पण माझं डोकं फिरलं ते 'लिव्होफ्लॉक्सासिन चालेल' वाचून. काय चालेल? नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी हाताशी असलेलं महत्त्वाचं औषध आहे ते. आपल्याकडे जुना खोकला म्हणजे ब्राँकायटिसच असतो असं नाही, टीबीही असतो. तीन दिवस लिव्होफ्लॉक्सासिन घेतली की क्षयाचे जंतू अर्धवट दबू शकतात, खोकला उतरू शकतो, थुंकीच्या तपासणीत जंतू सापडेनासे होऊ शकतात. निदान लांबतं, तोवर घरातल्या नातवंडांना लागण, आणि मागे उरू शकतात ते याच औषधाला निर्ढावलेले जंतू. म्हणून तर २०१४ पासून हे औषध एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि दुकानदाराने डॉक्टरचं नि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं. मावशीला मिळालं कसं? "ओळखीचा आहे ना तो!" तर ती 'थंडीची स्ट्रिप' नेमकी लिव्होफ्लॉक्सासिनचीच निघाली.

डॉक्टर मुद्दाम लपवतात वगैरे सोडून द्या. निवडक रुग्णांना छातीचे डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून देतात, ईसीजी आणि कान तपासून.

मावशीची थुंकी तपासायला दिलीय, सरकारी दवाखान्यात फुकट होते. आयुष्यात तिने विडी ओढलेली नाही. चाळीस वर्षं चूल फुंकली. आता गॅस आहे, पण न्हाणीतला बंब अजून लाकडांवरच पेटतो, आणि तो पेटवते तीच. इन्हेलर कपाटात, 'सवय लागते' म्हणून. तेही त्याच ग्रुपवर वाचलेलं.