दोन नॉट वेग वाढवलात, आता गाड्या उलट्या चढवा

आमच्या खाडीतून गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीची आठ दहाची फेरी आज आठ बत्तीसला सुटली. वारा नव्हता, लाट नव्हती, धुकं नव्हतं, इंजिन ठणठणीत होतं. रॅम्पवर, म्हणजे धक्क्यावरून बोटीत गाड्या चढवायच्या लोखंडी उतारावर, एक गाडी अडली होती. बरं, तीही बिघडलेली नव्हती. नको तितकी हुशार होती, एवढंच.

नव्या बोटीला रॅम्प एकाच टोकाला आहे. म्हणजे पलीकडे सरळ उतरायचं तर इकडे उलटं चढायला हवं. आज एक कोरी करकरीत गाडी रिव्हर्समध्ये रॅम्पला लागली. मागच्या सेन्सरला समोर चढत जाणारा लोखंडी पत्रा दिसला, त्याला वाटलं भिंत आहे, आणि गाडीनं आपणहून करकचून ब्रेक मारला. मालकानं पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला, गाडीनं पुन्हा ब्रेक. मागची चाकं रॅम्पवर, पुढची धक्क्याच्या काँक्रीटवर, मधोमध फ्लॅपची, म्हणजे रॅम्पच्या टोकाच्या हलत्या पत्र्याची, फट. एक खलाशी बोनेटवर थापा मारतोय, दुसरा मागून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडतोय, आणि मालक बिचारा पडद्यावर ते ऑटो-ब्रेकचं सेटिंग शोधतोय. हे सेटिंग मेनूच्या पोटात कुठेतरी खोल दडवलेलं असतं, आणि घाईत तर ते सापडतच नाही. शेवटी न्यूट्रल टाकून चौघांनी ढकलली. चढावर. उलटी. मागची रांग हॉर्न वाजवत होती, जणू हॉर्ननं रॅम्पचा उतार कमी होतो.

चूक त्या गाडीवाल्याची नाही. ज्यांनी ही बोट मंजूर केली त्यांनी रॅम्पवर उभं राहून एकदा तरी घड्याळ लावलं होतं का, हा प्रश्न आहे. "जुन्या बोटीपेक्षा दोन नॉट जास्त वेग" म्हणून केवढा गाजावाजा! (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर.) मांडा हिशोब. पाण्यातलं अंतर दोन किलोमीटर. आठ नॉटला लागतात आठ मिनिटं, दहा नॉटला साडेसहा. वाचलं दीड मिनिट, तेही कागदावर, कारण सुटताना वेग घ्यायला आणि धक्क्याजवळ तो मारायला जो वेळ जातो तो तसाच राहतो. आणि या दीड मिनिटाची किंमत? बोटीला लागणारी ताकद ढोबळमानानं वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठवरून दहावर गेलं की जवळजवळ दुप्पट. फेरी लवकर संपते हे धरूनही डिझेल दीडपट जळतं.

आता धक्क्यावरचा हिशोब. सरळ चढणारी गाडी पाच सेकंदांत आत जाते. तीस गाड्या, अडीच मिनिटं. उलटी चढणाऱ्या गाडीला सवयीचा चालक असला तरी वीस सेकंद लागतात. तीस गाड्या, दहा मिनिटं. शिवाय एका टोकाची बोट धक्का सोडल्यावर अख्खी फिरवावी लागते, त्यात तुमचं ते वाचवलेलं दीड मिनिट व्याजासकट बुडतं. छोट्या पल्ल्याच्या फेरीचा वेळ पाण्यात जात नाही हो, जमिनीवर जातो! हे न कळणाऱ्यांनी लांबच्या पल्ल्याची जहाजं घ्यावीत, आमच्या वाटेला येऊ नये.

दोन्ही टोकं सारखी, दोन्हीकडे रॅम्प, मधोमध सुकाणूघर, गाडी एकीकडून चढली की दुसरीकडून उतरली: ही काही काल निघालेली टूम नाही. इस्तंबूलच्या बॉस्फरस सामुद्रधुनीवर अशी बोट १८७० च्या दशकात घोडागाड्या नेत होती. घोड्यांनासुद्धा उलटं चढायला लावलं नव्हतं. मान्य, अशा बोटीला प्रॉपेलर दोन्हीकडे लागतात, रॅम्पची यंत्रणा दुप्पट, देखभाल जास्त. पण दुप्पट ताकदीच्या इंजिनाला पैसे होते ना? नॉर्वेत २०१५ पासून अँपिअर नावाची बॅटरीवर चालणारी फेरी १२० गाड्या घेऊन साधारण वीस मिनिटांत फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधली समुद्राची खाडी, ओलांडते आणि पलीकडे दहा मिनिटंच थांबते. त्या दहा मिनिटांत गाड्या उतरतात, नव्या चढतात आणि वर बॅटरी चार्ज होते. दोरखंड फेकत बसायला नको म्हणून बोट धक्क्याला व्हॅक्यूमनं चिकटवतात. आमच्याकडे दोरखंड पहिल्या फेकीत खुंटाला बसला तर खलाशी स्वतःच टाळी वाजवतो.

आणि रॅम्प! आठ मीटर लांबीचा रॅम्प. धक्का आणि डेक यांत मीटरभर फरक असेल तर उतार एकास आठ पडतो, इथवर बहुतेक गाड्या कुरकुर न करता जातात. ओहोटीला फरक दोन मीटर झाला की एकास चार. मग पुढचा बंपर खाली घासतो, किंवा वरच्या कडेवर गाडीचं पोट टेकतं. उपाय जगजाहीर आहे: किनाऱ्याला बिजागरीवर बसवलेला, पाण्याबरोबर वरखाली होणारा लांब पूल, नाहीतर तरंगता धक्का. त्याऐवजी मिळाली काय, तर "लो-फ्लोअर गाड्यांनी सावकाश" अशी पाटी. सावकाश घासलं तरी बंपरच जातो ना?

त्यात भरण्याची पद्धत अशी दिव्य की दुचाक्या आधी आत, मग मोटारी, आणि सोळा टनांचा ट्रक सगळ्यात शेवटी, थेट रॅम्पच्या तोंडाशी. चाळीस बाय बारा मीटरची चौकोनी बोट धरली तर एक सेंटिमीटर बुडायला तिला जेमतेम पाच टन लागतात. ट्रक मध्यावर उभा केला तर बोट तीन सेंटिमीटर खाली जाते, कुणाला कळतही नाही. तोच ट्रक टोकाला उभा केला की बोट कलते आणि ते टोक चौपट, म्हणजे तेरा सेंटिमीटरच्या आसपास बसतं. रॅम्पची धार काँक्रीटवर सरकते, फ्लॅप वर उचलला जातो, आणि पुढच्या माणसाला कळत नाही की कालपर्यंत न घासणारी गाडी आज का घासली. जड माल मध्ये, हलका टोकांना. एवढं एक वाक्य खलाश्यांच्या केबिनमध्ये खडूनं लिहा.

इथे थोडं थांबायला हवं, कारण रांगेत शेजारच्या गाडीवाल्याला घनाचं प्रमाण समजावून सांगणारा जो इसम असतो, तो म्हणजे अस्मादिक. कुणी विचारलेलं नसतं. ते गृहस्थ आधी मान डोलावतात, मग एसीचं निमित्त करून काच वर करतात. बायकोनं तर "नॉट" हा शब्द घरात काढायला बंदी घातली आहे. पण काचा वर झाल्या म्हणून हिशोब चुकत नाही.

शिवाय राहिलेलं सगळं आजच बोलून घेतो. रांगांचे पट्टे सव्वादोन मीटरचे आखलेत, आणि आजकालची साधी गाडी आरसे धरून दोन मीटरच्या पुढे जाते. दार वीतभर उघडतं; त्यातून बाहेर पडायचं ते मांजरानं. जिना एकच, तोही नेमका दोन रांगांच्या मध्ये, त्यामुळे वर जाणारे सगळे लोक दुसऱ्यांच्या आरशांना कोपर मारत जातात. पायी प्रवासी आणि गाड्या एकाच रॅम्पवरून, एकाच वेळी: साखळी लावून वेगळी वाट करायला कितीसा खर्च येतो? डेकच्या कडेची पाणी जाण्याची भोकं चहाच्या कपांनी बुजलेली. ती शोभेसाठी नाहीत. डेकवर साचलेलं पाणी बोट हलली की एका अंगाला धावतं आणि बोटीचा तोल खातं.

चालक मंडळीही काही कमी नाहीत. पाच मिनिटं आधीपासून इंजिन चालू ठेवून मागच्याला धूर पाजणारे एकीकडे, आणि रॅम्प पडल्यावर किल्ली शोधायला लागणारे दुसरीकडे. आणि ते गाडीचे अलार्म! लॉक करून वर जाता, बोट जरा डुलली की टिल्ट सेन्सरला वाटतं कुणीतरी गाडी उचलून नेतंय, आणि मग पलीकडचा किनारा येईपर्यंत कोकलणं. हॅंडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, टिल्ट सेन्सर बंद करा. नसेल येत बंद करता तर लॉक करू नका; पाण्याच्या मधोमध कोण चोरून नेणार आहे ती?

उशीर भरून काढायची नवी तऱ्हा मात्र विनोदाच्या पलीकडची आहे. आज रॅम्प पुरता वर यायच्या आत बोटीनं धक्का सोडला. १९८७ साली बेल्जियममधल्या झेब्रुग बंदरातून हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ हे जहाज पुढचं दार उघडं ठेवूनच निघालं होतं. डेकवर पाणी शिरलं, काही मिनिटांत ते कलंडलं, १९३ माणसं गेली. तिथेही वेळापत्रकाची घाई होतीच. आमची बोट उघड्या डेकची आणि खाडी लहान, हे उत्तर तयार असेल. ते ऐकायचं नाही. रॅम्प वर, तो अडकवायची पिन आत, मग दोर सोडायचा. या क्रमात मिनिट जातं, तर जाऊ द्या. बावीस मिनिटं गेली तेव्हा कुणाला घाई नव्हती.

संध्याकाळपर्यंत कारवाई झालीसुद्धा. तिकीट खिडकीवर कागद चिकटलाय: "चालकांनी रिव्हर्सचा पुरेसा सराव करून यावे." कुठे करायचा तेही लिहा की. रांगेत पुढे एक गाडी, मागे एक गाडी आणि मध्ये हातभर जागा असते.