मृत्यूचे कारण लपवणारी घरे

गर्दपायी, म्हणजे ब्राऊन शुगरच्या नशेपायी, गेलेल्या मुलाच्या घरी सांत्वनाला येणाऱ्यांना ‘झोपेतच अटॅक आला’ असे सांगितले जाते आणि सगळे ते मुकाट्याने ऐकून घेतात, या रिवाजाबद्दल मला लिहायचे आहे. घरच्यांना दोष द्यायचा नाही. धाकटीचे लग्न ठरायचे असते, पोलिसांची धास्ती असते, आणि जी आई कपाटाच्या किल्ल्या उशाखाली ठेवून झोपत आली तिच्यात चारचौघांच्या प्रश्नांना तोंड देण्याचे बळ उरलेले नसते. आमच्या नात्यातल्या एका घरात हे मी जवळून पाहिले. सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाहीशी व्हायची, संडासाची कडी तासन्‌तास लागलेली असायची, आधी तांब्या-पितळेची भांडी गेली आणि मग वडिलांचे घड्याळ. तरी विषय निघाला की ‘हल्ली जरा चिडचिडा झालाय’ एवढेच सांगितले जाई.

या लपवाछपवीत जी माहिती दडपली जाते, ती जीव वाचवणारी असते. गर्दसारखा अफूपासून बनणारा पदार्थ काही आठवडे बंद राहिला, की तो सोसण्याची शरीराची ताकद झपाट्याने उतरते. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परतलेल्या माणसाने पुन्हा पाय घसरल्यावर पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावत जाऊन तो दगावू शकतो. म्हणजे ‘सुटला एकदाचा’ म्हणून घरचे निर्धास्त होतात, तेच दिवस अतिशय धोक्याचे असतात. घशातून येणारी घरघर, निळसर पडलेले ओठ, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या आणि हाका मारूनही न उघडणारे डोळे ही लक्षणे किती आईवडिलांना ठाऊक आहेत? ‘दमलाय, झोपू दे’ म्हणून दार लोटून घेतले जाते. नॅलोक्सोन नावाचे औषध हा परिणाम उतरवू शकते, पण त्यासाठी कोणीतरी वेळेत १०८ ला फोन करावा लागतो आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे लागते.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूजन्य पदार्थ घेतात. तेव्हा हे चार वाया गेलेल्या पोरांचे दुखणे आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेही गर्दने तरुण पोरे पोखरली जाताना पाहूनच. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ठरावीक अटींवर खटल्यापासून संरक्षण देते, हेही पोलिसांच्या भीतीने गप्प बसलेल्या घरांपर्यंत पोहोचलेले नाही.

केंद्रातून सुट्टी देताना गोळ्यांची चिठ्ठी देतात, तिच्यासोबत ही लक्षणे आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक ठळक मराठीत लिहिलेला कागद प्रत्येक घराला मिळाला पाहिजे, आणि तो देणाऱ्याने घरच्यांना समोर बसवून वाचून दाखवला पाहिजे.