‘क्यूएमूवर विंडोज ११ चालत नाही’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) चालवणाऱ्यांत एक मेसेज बराच फिरतोय. त्याचं सार असं: अशी मशीन चालवणाऱ्या क्यूएमू या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये विंडोज ११ नीट चालत नाही. तो नुसता एम्युलेटर (दुसऱ्या संगणकाची सॉफ्टवेअरने नक्कल करणारा), म्हणून हळू. विंडोज ११ मागतं ते सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) त्यात नाही, टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप) नाही, त्यामुळे ही तपासणी टाळायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, बायपास टाकावाच लागतो. इन्स्टॉलरला डिस्कही दिसत नाही. आणि एवढं करून चाललंच, तर बॅकअपला डिस्कची फाईल कॉपी केली की झालं. यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि शेवटचा तर लोकांचा डेटा घालवतो.

‘एम्युलेटर आहे, म्हणून हळू.’

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये क्यूएमू आणला, तेव्हा गेस्टच्या (आतल्या मशीनच्या) सूचनांचं भाषांतर करून त्या चालवणं हेच त्याचं काम होतं. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० कर्नलमध्ये केव्हीएम, म्हणजे प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय वापरणारा भाग, आलं. त्याच्या जोडीने गेस्टचा कोड थेट प्रोसेसरवर चालतो आणि क्यूएमू फक्त डिस्क, नेटवर्क, फर्मवेअर (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) ही उपकरणं उभी करतो. मात्र कमांडमध्ये केव्हीएम मागितलं नाही, तर क्यूएमू मुकाट्याने जुन्या भाषांतराच्या मार्गाने चालतो, आणि मग विंडोज रांगतं. क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये (त्याला आदेश द्यायच्या खिडकीत) ‘इन्फो केव्हीएम’ टाकून बघा. ‘एनेबल्ड’ आलं पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचं एसव्हीएम ही प्रोसेसरची सोय सुरू करा. परवानगी नाकारल्याची चूक आली, तर स्वतःचं युजरनेम ‘केव्हीएम’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ (म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकाचाच) ठेवा.

‘सिक्युअर बूट मिळत नाही.’

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. क्यूएमूचं x८६ वरचं ठरलेलं फर्मवेअर म्हणजे सीबायोस, आणि त्यात यूईएफआय, म्हणजे सिक्युअर बूटला लागणारा फर्मवेअरचा नवा प्रकार, नाही. यूईएफआय हवं तर ओव्हीएमएफ लावायचं. हे टियानोकोरच्या ईडीके-२ या मुक्त प्रकल्पातून येतं, आणि डेबियन, उबुंटू, फेडोरा सगळीकडे त्याचं पॅकेज आहे.

ओव्हीएमएफच्या दोन फाईली असतात. ‘कोड’ म्हणजे प्रत्यक्ष फर्मवेअर: ती फक्त वाचायची, सगळ्या मशीनना एकच चालते. ‘व्हार्स’मध्ये बूटच्या नोंदी आणि सिक्युअर बूटच्या किल्ल्या राहतात, तिची प्रत्येक मशीनसाठी वेगळी प्रत करायची. दोन्ही पीफ्लॅश (आभासी फ्लॅश चिप) म्हणून जोडायच्या, आधी कोड, मग व्हार्स. बऱ्याच व्हिडिओंत एकच फाईल बायोसच्या पर्यायातून देतात. तसं केलं की किल्ल्या टिकून राहत नाहीत, आणि लोक म्हणतात सिक्युअर बूट नाही.

जोडीही जुळवावी लागते. ‘४एम’ कोडला ‘४एम’चीच व्हार्स. जुन्या २ एमबी संचात व्हार्सला १२८ केबी जागा आहे, ४ एमबी संचात ५२८ केबी. सरमिसळ केली की मशीन उठत नाही. नावात ‘सेकबूट’ असलेला कोड एसएमएम (प्रोसेसरचा संरक्षित मोड) मागतो, म्हणून मशीनचा प्रकार क्यू३५ (क्यूएमूचा नवा आभासी मदरबोर्ड) आणि एसएमएम सुरू हवं. जुन्या आय४४०एफएक्स प्रकारावर नुसता काळा पडदा दिसेल. व्हार्स मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या भरलेली घ्या. डेबियनच्या पॅकेजमध्ये तिच्या नावात ‘एमएस’ असतं. रिकामी व्हार्स लावली, तर सिक्युअर बूट बंदच राहतो.

इन्स्टॉलर सुरू होताना ‘कोणतीही कळ दाबा’ ही ओळ काही सेकंदच दिसते. ती हुकली की यूईएफआय शेल (आदेश टाइप करायचा पडदा) किंवा फर्मवेअरचा मेनू समोर येतो. त्यात बिघाड काही नाही, मशीन रीसेट करून कळ दाबा.

‘टीपीएम नाही, बायपास टाका.’

एसडब्ल्यूटीपीएम हा मुक्त प्रोग्रॅम पूर्ण टीपीएम २.० पुरवतो. व्हर्ट-मॅनेजरमध्ये (व्हर्च्युअल मशीन सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये) हार्डवेअर जोडताना टीपीएम निवडा, प्रकार ‘एम्युलेटेड’, मॉडेल सीआरबी, आवृत्ती २.०. शिवाय ४ जीबी रॅम, २ कोअर आणि ६४ जीबी डिस्क दिली की विंडोजच्या अटी पूर्ण होतात. बायपास टाकला की ती स्थापना मायक्रोसॉफ्टच्या लेखी असमर्थित ठरते आणि अपडेटची हमी जाते. पाच मिनिटांच्या कामासाठी कोणाला हा सल्ला देऊ नये.

‘डिस्क दिसत नाही, म्हणजे बग.’

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये व्हर्टआयओचे (व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेल्या आभासी उपकरणांचे) ड्रायव्हर नसतात, एवढंच. व्हर्टआयओ-विनची आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, ‘व्हायोस्टोर’ फोल्डरात ‘डब्ल्यू११’ आणि त्यात ‘एएमडी६४’ निवडा. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच. नेटवर्कसाठी त्याच सीडीवर ‘नेटकेव्हीएम’ आहे. आधी साटा या नेहमीच्या जोडणीवर टाकलेली डिस्क नंतर एकदम व्हर्टआयओवर नेली, तर निळा पडदा येतो. म्हणून आधी १ जीबीची दुसरी व्हर्टआयओ डिस्क जोडून विंडोज सुरू करा, ड्रायव्हर बसवा, मग मशीन बंद करून मूळ डिस्कचा प्रकार बदला.

‘डिस्कची फाईल कॉपी केली की बॅकअप झाला.’

नाही. मशीन चार ठिकाणी विखुरलेलं असतं: डिस्कची फाईल, तिची व्हार्स, टीपीएमची साठवण आणि मशीनचं एक्सएमएल वर्णन. लिबव्हर्टच्या (व्हर्ट-मॅनेजरच्या मागे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सिस्टिम मशीनमध्ये व्हार्स सहसा ‘/व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूएमू/एनव्हीरॅम’मध्ये असते आणि टीपीएम ‘/व्हार/लिब/लिबव्हर्ट/एसडब्ल्यूटीपीएम’मध्ये, मशीनच्या यूयूआयडीच्या (ओळखक्रमांकाच्या) नावाच्या फोल्डरात. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) सुरू असेल आणि तुम्ही फक्त डिस्क नेली, तर नव्या ठिकाणी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती जवळ नसेल तर डेटा गेलाच.

म्हणून आधी रिकव्हरी की वेगळ्या जागी लिहून ठेवा. मशीन पूर्ण बंद करा. लिबव्हर्टच्या ‘व्हर्श डंपएक्सएमएल’ या कमांडने वर्णन काढा, चारही गोष्टी एकत्र हलवा आणि नव्या होस्टवर तोच यूयूआयडी ठेवा. जुनं मशीन ‘अनडिफाइन’ करण्याआधी (म्हणजे त्याची नोंद काढून टाकण्याआधी) नवं एकदा उघडून, आतल्या फाईली वाचता येतात का ते बघा.