आर्ना बॉन्टम यांना न्यूबेरी पदक मिळालेले नाही

अमेरिकन कवी आणि बालसाहित्यकार आर्ना बॉन्टम यांच्याविषयी एक मजकूर सध्या फिरतो आहे: न्यूबेरी पदक (अमेरिकेत दरवर्षी उत्कृष्ट बालपुस्तकासाठी दिला जाणारा पुरस्कार) मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक, आणि ग्रंथपालाची नोकरी धरल्यावर त्यांचे लेखन थांबले. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

पदकांची यादी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन स्वतः प्रसिद्ध करते; शंका असल्यास १९४९ साल काढून पाहावे. पदक मार्गरीट हेन्री यांच्या ‘किंग ऑफ द विंड’ला आहे. बॉन्टम यांचे ‘स्टोरी ऑफ द निग्रो’ त्याखालच्या सन्मानप्राप्त पुस्तकांत आहे. हा सन्मान मिळवणारे मात्र ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन लेखक, आणि ‘पहिले’ बहुधा तिथूनच उचलले गेले. मुखपृष्ठावरचा शिक्काही फसवतो: पदकाचा सोनेरी, सन्मानाचा रुपेरी, मोबाइलवरच्या फोटोत फरक चटकन कळत नाही. कृष्णवर्णीय लेखकाला पहिले पदक मिळाले ते १९७५ मध्ये, व्हर्जिनिया हॅमिल्टन यांना.

लेखन थांबल्याचे म्हणणे तर सनावळीपुढे टिकतच नाही. शिकागो विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ते १९४३ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात मुख्य ग्रंथपाल झाले आणि सुमारे दोन दशके तिथे राहिले. ‘स्टोरी ऑफ द निग्रो’ १९४८ चे. कवी लँग्स्टन ह्यूज यांच्यासह केलेले कवितांचे संपादन १९४९ चे, स्वतःचा कवितासंग्रह १९६३ चा. म्हणजे सगळे नोकरीत असतानाचेच.

तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच गटात ही दुरुस्ती टाका.