नाकावर माशी बसली होती जणू

52 वय, पोट सुटलेलं, डावा गुडघा कुरकुरतो. तरी मागच्या रविवारी बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातले. नागपुरात मानकापूरकडे एक छोटी जिम आहे, भाचा जातो तिथे. हाताला पट्टी गुंडाळताना बोटं आपोआप फिरली, अंगठ्यातून मनगटावर, मनगटावरून मुठीवर. कॉलेज सुटल्यावर बाकी सगळं विसरलो, हे नाही.

समोर 19 वर्षांचं पोरगं. पहिला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर असा आला, की माशी हाकलतोय. दुसराही तसाच. मग उजेड पडला, हे मला जपून मारतंय! राजेहो, खरा ठोसा बसला असता तर एवढं लागलं नसतं.

घरी येईपर्यंत डोक्यात माइक टायसन, एकेकाळचा हेवीवेट चॅम्पियन. 16 नोव्हेंबर 2024 ची सकाळ, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एका मोबाइलवर आम्ही सहा डोकी. टायसन 58 चा, समोर यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल, 27 चा. आठ राउंड, तेही दोन-दोन मिनिटांचे. थोड्याच वेळात टायसनचे पाय जमिनीला चिकटले अन् तो आपलाच ग्लोव्ह चावत उभा. शेवटची घंटा व्हायच्या आधी पॉल चक्क त्याच्यापुढे वाकला. ठेल्यावर सगळे म्हणे, काय संस्कार आहेत! मला तर शाल-श्रीफळच दिसलं.

1980 मध्ये मुहम्मद अलीचं याहून वाईट झालं. वय 38, समोर त्याचाच जुना स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावातला जोडीदार, लॅरी होम्स. मारता मारता होम्स रेफरीकडे बघायचा, थांबव ना आता. दहाव्या राउंडनंतर अलीच्या कोपऱ्यातल्या ट्रेनरनंच लढत थांबवली. जिंकून होम्स रडला.

म्हणून मला जॉर्ज फोरमन आवडतो. (हो, तोच, ज्याच्या नावाचं ग्रिल विकलं जायचं.) दहा वर्षं रिंगबाहेर राहून 1987 मध्ये परतला, तेव्हा लोक त्याच्या पोटाला हसले. त्यानं थेट चॅम्पियनच्या बेल्टवर उडी नाही मारली. आधी 24 लढती जिंकल्या, बहुतेक किरकोळ गड्यांशी, मग 1991 मध्ये तेव्हाच्या चॅम्पियन होलीफील्डसमोर बारा राउंड उभा राहून हरला. 5 नोव्हेंबर 1994 ला वय 45, समोर 26 चा चॅम्पियन मायकेल मूरर. अंगात तीच लाल चड्डी, 1974 मध्ये अलीकडून हरताना घातलेली. नऊ राउंड मूररनं त्याला धुतला, तिन्ही जजच्या कार्डावर पुढे. दयामाया काही नाही. दहाव्यात फोरमनचा उजवा हात हनुवटीवर बसला, मूरर आडवा.

म्हाताऱ्यानं उतरावं की नाही यावर आपल्याकडे लोक तासभर भांडतील. उतरा ना बाप्पा, कोण अडवतंय. पण समोरच्याला हात आखडता घ्यावा लागत असेल, तर तो सत्कार समारंभ आहे. त्याची तिकिटं लढत म्हणून विकू नका.

त्या रविवारी जिममधून निघताना पोराला म्हटलं, पुढच्या रविवारी नीट मार बे.

तो म्हणे, "काका, पैले पाय तं हलवा."

काल सीताबर्डीवरून दोरी आणली. तेराव्या उडीला दम लागला.